खालचा कोपरा

“हसत होते ते,” चष्म्याच्या दुकानातल्या काकू म्हणाल्या. “एवढाले दगड मारतायत आणि काच ढिम्म हलत नाही, म्हणून एकमेकांना टाळ्या देत हसत होते. मग तोंडाला फडकं बांधलेला एकजण पुढे आला. खाली वाकला. आणि पुढच्या क्षणी सगळी काच आमच्या ह्यांच्या अंगावर.”

काचवाला गुडघ्यांवर बसून चौकटीतले तुकडे वेचत होता. दंगल होऊन आठवडा उलटला होता, आणि या आठवड्यात त्याने असं बरंच ऐकलं होतं. काच बसवायला आलेला माणूस तासभर हलत नाही. त्याचे हात कामात असतात आणि कान मोकळे. लोक त्याच्यापुढे मन रितं करतात, आणि तो ते घेऊन घरी जातो.

त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच. छातीत धडधड, झोप गायब. डॉक्टर म्हणाले, “बातम्या बंद करा. मोबाईलवरचे व्हिडिओ तर अजिबात नको. मनात साठवू नका, जवळच्या माणसाशी बोला.” सल्ला चांगला होता. बाहेर पेटलेलं असताना आपापल्या खिडक्या लावून खोल श्वास घ्या, हा सल्ला चांगलाच असतो. पेटवणाऱ्यांचीही त्याला काही हरकत नसते.

त्याने तो इमानदारीत पाळला. मोबाईल बायकोच्या कपाटात टाकला. जवळचा माणूस म्हणजे धाकटा भाऊ. एकाच टेम्पोत, एकाच काचेच्या दोन टोकांना दोघांचं अर्धं आयुष्य गेलेलं. रोज जेवण झालं की दोघं गच्चीवर बसायचे आणि थोरला दिवसभराचं सगळं ओतायचा. कुणाचे हात अजून थरथरतात, कुणी दुकानच विकायला काढलंय. “मला भीती वाटते रे. माणसं अशी कशी झाली?” धाकटा ऐकून घ्यायचा. मध्येच विचारायचा, “पाणी देऊ का, दादा?” त्या बोलण्याच्या आधारावर थोरला तगला होता.

आता त्याचं बोट चौकटीच्या खालच्या पट्टीवरून सरकत डाव्या कोपऱ्यात आलं आणि थांबलं. तिथे खोक होती. खोल, तीन कडांची.

ही टफन काच, भट्टीत तापवून कडक केलेली. मधोमध दगड घाला, दगड उलटा येतो. तिचा जीव असतो कडेला, त्यातही कोपऱ्यात. तिथे टोकदार काही बसलं की अख्खी काच जाड मिठासारखी खाली येते. म्हणून तर काच उचलायच्या आधी धाकटा चारी कोपऱ्यांना जुन्या टायरचे तुकडे बांधायचा. रस्त्यावरच्या गर्दीला हे कुठून ठाऊक असणार?

त्याने पेटीतून आपली हातोडी काढली. तिचं टोक धाकट्यानेच घासून तीन कडांचं केलं होतं, जुनं लांबी-सिमेंट उकरायला सोपं पडावं म्हणून. टोक त्याने खोकेत ठेवलं. ते बसलं. किल्ली कुलपात बसावी तसं.

काकू आत गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला गेल्या होत्या. धाकटा बाहेर टेम्पोवर काचेचा दोर सोडत होता.

“इकडे ये.”

“आलो. एवढी गाठ सोडतो.”

“राहू दे गाठ.”

धाकटा आला. खोकेतली हातोडी बघितली आणि उभा राहिला.

“तू होतास?” थोरल्याने विचारलं.

“मी पेटी घेऊन घरी चाललो होतो. गर्दीत अडकलो.”

“होतास का, एवढं सांग.”

“त्यांना जमत नव्हतं, दादा.”

“काय?”

“काच. मधोमध मारत होते. किती वेळ. नुसते अडाणी. मला बघवेना.”

थोरल्याला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. राग आला होता, असं म्हणाला असता तर कळलं असतं. कुणी दारू पाजली, कुणी धमकावलं, काहीही चाललं असतं. तो डोक्यात काहीतरी धरायला शोधत राहिला आणि हाताला काहीच लागेना.

“काकांशी तुझं काही वाकडं होतं?”

“छे. माझ्या चष्म्याची काडी ते फुकट बसवून द्यायचे.”

“मग आत तेच बसलेत, हे दिसलं नाही?”

“वाकलो होतो ना. कोपराच दिसत होता.”

“आणि नंतर?”

धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, “गर्दीने मला खांद्यावर घेतलं.”

“आणि रोज गच्चीवर मी तुझ्यापाशी...”

“म्हणून तर बोललो नाही. तुझी तब्येत बरी नव्हती.”

काकू बाहेर आल्या. “भावाभावांची मसलत संपली असेल तर काच लावा. संध्याकाळी ह्यांना आणायचंय.” काचेच्या जागेमागे एक गादीची खुर्ची होती. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “इथेच बसतात. रस्ता बघत चष्मे पुसायचे. भुवईचे टाके भरले, पण चमचा पडला तरी दचकतात. न्हाणीघराचं दार लावून घेत नाहीत. काल मात्र आपणहून म्हणाले, काच लागू दे, मग येतो. किती दिवसांनी धड वाक्य बोलले.”

थोरला उठून टेम्पोकडे गेला.

एवढी मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. थोरल्याला ती एकट्यानेच उचलायची होती. हाताच्या शिरा तुटल्या असत्या तरी चाललं असतं. पण काचेला ते कळत नाही. दोघांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी पकडी दाबून बसवल्या. एरवी उलटा चालणाऱ्याला दुसरा वाट सांगतो: “हां, ये, पायरी आहे, सांभाळ.” आज काच मुकाट्याने आली. काचेपलीकडे धाकट्याचा चेहरा होता, आणि त्याचे हात जराही कापत नव्हते. नेहमीसारखेच पक्के. थोरल्याला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

काच बसली. रबर भरून झालं.

“आता ते वाजवून दाखव ना रे,” काकू धाकट्याला म्हणाल्या. “मागची बसवलीस तेव्हा दाखवलं होतंस तसं. मी ह्यांना तेच सांगणार आहे. घाबरू नका, मुलाने ठोकून दिलीय.”

ही त्याची सवय. काम झालं की काचेच्या मधोमध मूठ मारायची आणि गिऱ्हाईक दचकलं की हसायचं. त्याने मूठ उचलली. ती हवेतच राहिली. मग तो खाली वाकला, अगदी कोपऱ्याशी, आणि तिथे तळवा ठेवला.

“काकू, मधोमध काही होत नाही. हा कोपरा जपा.”

“का?”

“इथून फुटते.”

काकू त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं ओघळून गेलं.

“तोही असाच वाकला होता,” त्या म्हणाल्या.

धंद्यातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं हो, असं थोरल्याच्या जिभेवर आलं होतं. ते पटण्यासारखं होतं. काका संध्याकाळी आले असते, आणि भाऊही भाऊ राहिला असता. त्याने ते गिळलं. हातोडी पेटीत न टाकता काकूंच्या काउंटरवर ठेवली, टोक स्वतःकडे करून.

काकूंनी हातोडीला हात लावला नाही. ओरडल्या नाहीत, कुणाला हाक मारली नाही. वळल्या, खुर्ची धरली आणि मागे ओढू लागल्या. फरशीवर तिचे पाय करकरत होते. धाकटा उठून मदतीला पुढे झाला.

“तू नको.”

त्यांनी ती दुकानाच्या टोकापर्यंत नेली, चष्म्यांच्या मांडणीखाली, जिथून रस्ता दिसत नाही. तोंड भिंतीकडे केलं. मग पदराने गादीवरची धूळ झटकली, बराच वेळ, धूळ गेली तरी.