सापडलो म्हणेपर्यंत

मामा सापडला. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, पाठीवर तरंगत, चेहरा आभाळाकडे, नारिंगी जॅकेट नीट आवळलेलं. आम्ही त्याला बोटीत ओढून घेतलं, किनाऱ्यावर आणलं, पुढचंही सगळं रीतसर झालं.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. आमच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे मामा अजून सापडलेला नाही, आणि मला बैठकीत बोलणी खायची नाहीत.

मंडळ म्हणजे काही सरकारी खातं नव्हे. हौसेने समुद्रावर जाणारे लोक जिवंत परत यावेत असं वाटणाऱ्या चार रिकामटेकड्यांचा गट. रविवारी सकाळी आम्ही बोटवाल्यांची लाइफ जॅकेटं तपासतो, ‘परत कधी येणार ते घरी सांगून आलात का’ असं विचारतो आणि ‘तुम्ही कोण विचारणारे’ हे ऐकून घेतो. मग सराव. आमचे कॅप्टन एरवी दातांचे डॉक्टर आहेत. वायरलेस बेकरीवालीकडे, तिचा आवाज वायरलेसशिवायही पोचतो.

सरावाला एक बुडणारा लागतो. पोहता येणारी माणसं बुडण्याचं सोंग फार वाईट करतात. मामाला पोहता येत नव्हतं, म्हणून मीच त्याला घेऊन आलो.

मामा पाण्याचे मीटर वाचायचा. दारात उभा राहून “मीटर” म्हणायचा, दार उघडणारा त्याच्याकडे न बघता आत निघून जायचा. सगळी नोकरी अशीच गेली. एकदा एका घरातले लोक तो मागच्या अंगणात असताना कुलूप लावून परगावी गेले. शेवटी आत मांजर अडकलंय असं वाटून शेजाऱ्यांनी दार उघडलं. मांजर नाही म्हटल्यावर ते हिरमुसले.

“अरे, हाक मारायचीस ना!” मी म्हणालो.

“कुणाला?” मामा म्हणाला.

पहिल्या सरावानंतर तो बोटीत कुडकुडत बसला होता. दात वाजत होते, डोळे मात्र चमकत होते. “भाच्या, एवढी माणसं माझ्या नावाने बोंबलत होती रे. तेही माझं काही चुकलेलं नसताना!”

त्यानंतर तो कलावंतच झाला. बेशुद्ध, घाबरलेला, प्यालेला, ‘मला वाचवू नका’ म्हणणारा, अशी सोंगं तो वठवायचा. एकदा भूमिकेच्या भरात कॅप्टनच्या बोटाला चावला. कॅप्टन बोट झटकत म्हणाले, “वरचा सुळा हलतोय मामा, दवाखान्यात येऊन जा.”

नियमही त्यानेच करून घेतला. “माझ्या हाताला दोरी लागली की तुम्ही टाळ्या वाजवता. मी अजून पाण्यातच असतो!” तेव्हापासून बुडणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने “सापडलो” म्हटल्याशिवाय सराव संपत नाही. मामा हे फार चवीने लांबवायचा. कधीकधी तर धक्क्यावर चहा पिऊन झाल्यावर, कप पालथा घालून, सावकाश म्हणायचा. तोवर आम्ही ओल्या कपड्यांत त्याच्या तोंडाकडे बघत उभे. घरी गेल्यावर मामी दारात टॉवेल घेऊन असायची.

“सापडलात का?”

“सापडलो.”

मगच तो उंबरा ओलांडायचा.

त्या रविवारी धुकं होतं. मामा धक्क्याच्या शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरला, हात हलवला आणि दिसेनासा झाला. ठरल्याप्रमाणे थोडं थांबून आम्ही निघालो. समोरचं काही दिसत नव्हतं, पण उजवीकडून मामाची शिटी आली. तीनदा. मग पुन्हा तीनदा. आम्ही शिटीच्या मागे गेलो आणि थेट त्याच्यापाशी पोचलो.

“आज बेशुद्ध वाटतं,” बेकरीवाली म्हणाली. “काय हुबेहूब करतात!”

“मान बघा, कशी सैल सोडलीय,” कॅप्टनने आम्हाला दाखवलं. “अशा वेळी खालून आधार द्यायचा. वा, मामा!”

मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. धक्क्यावर आणून त्याच्या शेजारी चहा ठेवला आणि आम्ही सगळे तो “सापडलो” म्हणायची वाट बघत उभे राहिलो.

“मामा, पुरे आता,” मी म्हणालो. “चहा निवतोय.”

चहावर साय धरली. मग कॅप्टन वाकले, सवयीने त्याच्या तोंडात डोकावले, आणि त्यांचे हात तिथेच थांबले.

इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, पाण्यात उतरल्या उतरल्याच हृदय बंद पडलं असणार.

“पण त्यांनी शिटी वाजवली,” कॅप्टन म्हणाले. “त्याशिवाय आम्हाला सापडलेच नसते.”

डॉक्टरांनी मामाचं जॅकेट आमच्या हातात दिलं. शिटी खिशात होती. खिशाची चेन बंद होती.

पुढच्या रविवारी मामाच्या जागी वाळूचं पोतं न्यायचं ठरलं. पोतं अजून धक्क्यावरच होतं आणि समुद्रातून शिटी आली. तीनदा.

“ऐकलंत का? ओव्हर,” बेकरीवाली वायरलेसवर म्हणाली. मी तिच्या शेजारीच उभा होतो.

कॅप्टनने जॅकेटचा पट्टा आवळला. “त्यांनी अजून ‘सापडलो’ म्हटलेलं नाही. म्हणजे सराव चालू आहे.”

आम्ही गेलो. कुणीही नव्हतं. परत येताना मागची फळी तेवढी ओली होती. मामा बसायचा ती. पोतं कोरडंच राहिलं. तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय, आणि खरं सांगायचं तर आमचा सराव इतका चांगला कधीच नव्हता.

मग एकदा मामीने मला बोलावून घेतलं.

“रविवारी दारात पाणी असतं,” ती म्हणाली. “पुसलं की पुन्हा येतं. मी विचारते, सापडलात का. उत्तर नाही.”

“भीती वाटते का गं?”

“भीती कसली? नवरा आहे माझा. पण असं किती दिवस ओलेत्याने बाहेर उभं राहायचं? त्यांना आत घे रे बाबा. तुमचा तो सराव का काय तो संपव.”

“मामी, तो ‘सापडलो’ म्हणाला की आम्ही शोधायचं थांबवणार. ते त्याला पक्कं ठाऊक आहे.”

मामी बराच वेळ टॉवेलाची घडी करत राहिली. झालेली घडी मोडून पुन्हा केली. “घरात मी कधी शोधलंच नाही त्यांना,” ती म्हणाली. “घरातच असायचे ना.”

त्या रविवारी ती टॉवेल घेऊन धक्क्यावर आली. कॅप्टनने तिच्या जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले. धुक्यात शिरलो, शिटी आली, आम्ही सगळे “मामा! मामा!” करून ओरडायला लागलो.

“गप्प बसा जरा,” मामी म्हणाली. “मामा तुमचे.” मग ती बोटीत उभी राहिली आणि तिने हाक मारली, “अहो!”

दोन शिट्या झाल्या होत्या. तिसरी आलीच नाही.

कॅप्टनने इंजिन बंद केलं. बोटीला अगदी लागून कुणीतरी तोंडातलं खारट पाणी थुंकल्यासारखा आवाज झाला. मग बोट एका अंगाला हळूच कलली, पाण्यातल्या माणसाने काठ धरला की कलते तशी. मामीने वाकून टॉवेल पुढे धरला.

“सापडलात का?”

बेकरीवालीने वायरलेस खाली ठेवला. बोट तशीच कललेली राहिली, चहावर साय धरेल इतका वेळ. मग सरळ झाली. थोड्या वेळाने दूरवरून, अगदी मजेत, शिटी आली. तीनदा.

टॉवेलाचं एक टोक ओलं झालं होतं. मामीने ते मुठीत धरलं. “लबाड,” ती म्हणाली.

बैठकीत ठराव झाला आणि मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. कागद धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, दगडाखाली ठेवला आहे.

प्रति,
बुडणारे (मानद),
मुक्काम समुद्र.

विषय : सराव संपल्याचे जाहीर करण्याबाबत.

महोदय,
आपण सापडलेले असूनही तसे न कळवल्यामुळे सराव आजतागायत चालू आहे. तरी आपल्या सोयीने कोणत्याही रविवारी समक्ष हजर राहून ‘सापडलो’ असे तोंडी सांगावे, ही नम्र विनंती. आपला शोध त्यानंतरही घरच्या घरी चालू राहील, अशी हमी आपल्या पत्नीने दिली आहे.

सोबत : टॉवेल (कोरडा).