निळ्या छपराच्या घरातलं मीठ

आधी माझी तक्रार ऐका, मित्रांनो, मग माझं कूळमूळ सांगते. आमच्या घरातल्या शिकलेल्या नातीने, यूनसोलने, माझ्या झाकणावर कोपर टेकून समोरच्या निळ्या छपराच्या घराकडे बोट दाखवलं. बसभर पोरांदेखत! कोपराचं मी सोडून देईन. बोटाचं नाही सोडणार.

मी एक जुनी बरणी आहे. फळीवरच्या लोणच्याच्या बरणीशी माझी बरोबरी करू नका. माझ्या पोटात उभं मूल मावतं. कुंभाराने मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचून, आतून बाहेरून थोपटून मला उभी केली, राखेचा लेप दिला आणि भट्टीत घातली. शेजारच्या दोघी तडकल्या. मी तडकले नाही. माझा ताठा तेव्हापासूनचा आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

या घरात मला आणलं ते ओकदानच्या वडिलांनी. तेव्हा ओकदान मला धरून उभं राहायला शिकत होती. आज ती या घराची आजी आहे. बाजारापासून चढणीचा सगळा रस्ता त्यांनी मला पाठीवर बांधून आणलं. घामाने भिजलेली ती पाठ एवढीच मला त्यांची ओळख. पुढे लढाईच्या साली एका बाजूचे शिपाई आले आणि गेले, मग दुसऱ्या बाजूचे आले, आणि सगळ्या गावाला शाळेच्या पटांगणात बोलावलं. ओकदानचे वडील गेले ते परतलेच नाहीत. पटांगणात काय झालं ते मला ठाऊक नाही. मी ओट्यावरून हलत नाही.

मेलेल्या माणसाची तिथी ठाऊक नसली की आमच्याकडे नवव्या महिन्यातल्या नवमीला त्याचं पान वाढतात. ओकदानच्या घरी नवमीलाच भात आणि सूप मांडलं जातं. गाव बघतं, समजतं आणि गप्प बसतं.

त्या पहिल्या हिवाळ्यात परसात कोबी होता, पण घरात मीठ नव्हतं. मिठाशिवाय किमची, म्हणजे आमचं कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, कशी घालणार? मी रिकामीच राहणार होते. एका पहाटे कुणीतरी माझ्या झाकणावर गाठोडं ठेवलं. इतकं हळू, की झाकण वाजलं नाही. समोरच्या घरची बाई होती. तेव्हा त्या घरावर गवताचं छप्पर होतं. गाठोड्यात जाडं मीठ होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा आलं, तिसऱ्या वर्षीही. ती बाई म्हातारी होऊन गेली तेव्हा तिच्या सुनेने, मालसुनने, तोच नेम धरला. ना या घरातून कुणी आभार मानले, ना त्या घरातून कुणी काही बोललं.

ओकदानला भाऊ नव्हता, म्हणून तिला घरजावई आणला आणि ती इथेच राहिली. मालसुन आणि ती दरसाल किमची घालायला माझ्याशेजारी मांडी ठोकून बसायच्या, कोपरापर्यंत लाल हात घेऊन.

"अगं, मिरची लावतेयस की मलम? हात सैल सोड जरा!"

"तुझ्या जिभेएवढं तिखट मला कुठून जमायचं, बाई?"

आणि मग दोघी खोकेपर्यंत हसायच्या. गावात लग्न निघालं की वाडगं घेऊन बायका माझ्याकडे यायच्या. पुढे ओकदानच्या लेकाने शहरातून किमची ठेवायचा फ्रिज आणला. त्याच्या पोटात दिवा लागतो म्हणे! निम्मी किमची तिकडे गेली. माझ्या झाकणावर मांजर झोपू लागलं. पण उरलेली निम्मी ओकदानने माझीच ठेवली.

अशातच यूनसोल विद्यापीठात इतिहास शिकायला निघाली. तिची आई माझ्यासमोरच कडाडली, "मेलेली माणसं नोकरी देतात का गं?"

ओकदान म्हणाली, "शिकू दे. या घरात कुणीतरी विचारणारं हवं."

आणि पोरीने विचारलंच. लसूण सोलता सोलता ओकदानने सांगून टाकलं, की पटांगणात शिपायांसमोर वडिलांकडे बोट दाखवलं ते मालसुनच्या सासऱ्याने. शेवटी म्हणाली, "हे तुला सांगितलं. गावाला नाही."

दर शरदात इतिहासाची पोरं त्यांच्या सरांबरोबर सहलीला जातात. एकेकाने एकेका जागी उभं राहून तिथली हकिकत सांगायची असा त्यांचा रिवाज. इतरांनी किल्ले, देवळं, थडगी घेतली. यूनसोलने आपलं घर घेतलं. बोलली छान हो! लढाई, शिपाई, पटांगण, नवमीचं पान, सगळं. खोटं अक्षर नव्हतं त्यात. आणि शेवटी म्हणाली, "ज्याने बोट दाखवलं, त्याचं घर ते."

निळ्या छपराखाली मालसुन चटईवर मिरच्या पसरत होती. तिने मान वर केली. कुणीतरी फोटो काढला.

"यूनसोल, हात खाली घे," सर म्हणाले. फार उशिरा म्हणाले. मालसुन मिरच्या तशाच टाकून आत गेली.

ओकदान ओट्याशी आली तेव्हा पोरगी म्हणाली, "आजी, खरं आहे ना सगळं? तूच सांगितलंस."

"खरं आहे."

"मग झालं काय?"

"काही नाही. जा, तिच्या मिरच्या आत नेऊन दे. दव पडेल."

"मी कशी जाऊ आता? बस सुटेल!"

ओकदानच गेली. मालसुनने दार उघडलं नाही.

थंडी पडली. कोबी परसात रचून झाला. रोज पहाटे ओकदान येऊन माझं झाकण हाताने चाचपायची. मीठ आलं नाही. कोबीची वरची पानं पिवळी पडली. लेक म्हणाला, "आई, दुकानातून पोतं आणतो की."

"त्या मिठाची किमची मी नाही घालणार."

"मीठ ते मीठ, आई!"

"तुझ्यासाठी असेल."

काल यूनसोल आली. आल्या आल्या म्हणाली, "आजी, सर म्हणालेत, हाच विषय शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला घे."

"घे."

"रागावलीस का?"

"बरणी धू."

"पण यंदा किमची..."

"धू म्हटलं ना!"

मित्रांनो, जुनं भांडं जपा असं मी तुम्हाला सांगणारच आहे. पण धुऊन पुसून कोपऱ्यात मांडलं म्हणजे जपलं, असं समजू नका. भांड्यात कुणी कुणी काय घातलं तेही विचारत जा.

तर पोरगी बाही सरसावून माझ्यात कमरेपर्यंत वाकली आणि घासायला लागली. घासता घासता रडत होती. आमच्या जातीला बोलायची मुभा नाही. पण पोटात डोकं घातलेल्या माणसाशी आम्ही बोलतो. त्याला वाटतं, आपलाच आवाज घुमला. मग मी बोललेच.

"यूनसोल, तू खोटी नाहीस. पण त्या दिवशी तूही बोटच दाखवलंस, आणि बोटाने काय होतं हे तुझ्या घराला ठाऊक आहे. तुझ्या पणजोबांकडे कुणी बोट दाखवलं ते सांगितलंस. त्याच घरातून दरसाल पहाटे मीठ का येत होतं, ते सांगितलं नाहीस, कारण विचारलंच नाहीस. अर्धी भरून झाकलेली बरणी नासते, पोरी. तो वास मी सोसलाय. आता डोकं बाहेर काढ, हात पूस आणि निळ्या छपराकडे जा. दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहा. प्रबंधाचं नाव काढू नकोस. मीठ मागायला आलेय म्हण."