रेणापूरहून लातूरला जाणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. तीन पुडांचा. मुखेडच्या एका घरात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर मी असतो. खाली जेवणं होतात, भांडी वाजतात. आता कुणीतरी मला काढायला हात वर करील, असं मला रोज वाटतं. कुणी करत नाही.

मी मूळचा कुठला, ते मला ठाऊक नाही. रेणापूरच्या नासिरला मी मोडीत सापडलो. माझी कडी तुटलेली होती. नासिर कल्हईचं काम करायचा. भांडं तापवून आत कथील फिरवलं की काळवंडलेलं पितळ चांदीसारखं लखलखायचं. त्यानं मला नवी कडी बसवली, आतून कल्हई केली आणि बायकोला म्हणाला, “बेगमबी, हा विकायचा न्हाई.”

त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घराची मागची भिंत पडली. माणसं वाचली. किल्लारीकडच्या बातम्या ऐकल्यावर आपली भिंत पडली असं सांगायलासुद्धा बेगमबीला लाज वाटे. घराला मागून पत्रा ठोकला, आणि त्या पत्र्याच्या आडोशाला अभ्यास करून त्यांची मुलगी नाझनीन दहावीला शाळेत पहिली आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. जो भेटेल तो नासिरला म्हणे, “पोरगीला लातूरला टाका.” पण घरोघरी स्टील आलं होतं आणि कल्हईला भांडी येईनाशी झाली होती. कॉलेज, क्लास, एका खोलीत चौघींबरोबर राहणं, इथपर्यंत कसंबसं जमलं. मेसपाशी सगळं अडलं.

“मेस कशाला?” बेगमबी म्हणाली. “डबा मी पाठवते की.”

मित्रांनो, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर वर्षं! पहाटे बेगमबी ज्वारीच्या भाकरी थापायची. एका पुडात भाजी, एकात वरण, वरच्यात भाकरी आणि ठेचा. एसटीचे कंडक्टर रेवणप्पा खिडकीतून हात बाहेर काढत. “द्या लवकर. पोरगी उपाशी बसंल.” मला ते इंजिनाच्या उबेला ठेवत. लातूरच्या स्टँडवर नाझनीन उभीच असे. ती मला दोन्ही हातांनी छातीशी धरायची. संध्याकाळी मी रिकामा घरी यायचो. बेगमबी मला घासण्याआधी उघडून बघायची. भाजी उरली असली की ती नासिरकडे वळे. “आज पोरीचं काहीतरी बिनसलंय,” असं ती नासिरला सांगे, आणि ते बहुतेक वेळा खरं निघे.

बारावीचा निकाल लागला. मार्क चांगले होते, पण सरकारी मेडिकलला थोडे कमी पडले. तेवढ्यात एक पाहुणे आले. ते म्हणाले, “खाजगी कॉलेजात जागा मिळते. घर विका, काय हरकत हाय?” नासिर तयार झाला. नुकती कुठे मागची भिंत त्यानं बांधून काढली होती.

नाझनीन चुलीपाशी मला पुसत बसली होती. तिनं मान वर केली. “अब्बा, घर विकलं तर सुट्टीत मी यायचं कुठं?”

मग तिनंच सांगितलं. नांदेडला सरकारी नर्सिंग होतं. राहायची, जेवायची सोय तिथेच होती आणि वर विद्यावेतन मिळणार होतं. तिनं सगळी चौकशी आधीच केली होती.

“पण तू तर डॉक्टर व्हायचं म्हणत होतीस,” नासिर म्हणाला.

“म्हणत होते.”

ती नांदेडला गेली. तिथं डबा पाठवायचं कारणच नव्हतं. तरी बेगमबीचा हात सवयीनं एक भाकरी जास्त थापायचा. गाडीचा हॉर्न वाजला की ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. मी फळीवरून बघत राहायचो.

शेवटी एके दिवशी तिला राहवलं नाही. तिनं मला भरलं आणि गाड्या बदलत नांदेडला गेली. नाझनीन वॉर्डातून पळत आली. ती पांढऱ्या गणवेशात होती, बेगमबीनं तिला आधी ओळखलंच नाही. दवाखान्याच्या आवारात दोघी बसल्या. नाझनीन अंबाडीची भाजी मुकाट्यानं खाऊ लागली. बेगमबीनं एक घास तोंडात घातला आणि थुंकून टाकला. माझी कल्हई उडाली होती. उघड्या पितळाला लागून आंबट भाजी वाटेतच कळकली, कडू झाली होती.

“अगं, ही कशी खाल्लीस तू?”

“तू आणलीस म्हणून,” नाझनीन म्हणाली. मग दोघी रडल्या आणि रडता रडता हसूही लागल्या. भाजी टाकून त्यांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली. मला कळकल्याचं दुःख होतं, तरी तो दिवस संपू नये असं वाटत होतं.

नाझनीन शिकली, मुखेडच्या दवाखान्यात लागली. तिचं लग्न झालं. नासिर आणि बेगमबी आता नाहीत. रेणापूरचं घर बंद करताना तिनं मला सोबत आणलं. तिच्या हातून कित्येक बाळं जन्मली. आसपासच्या गावांतले आईबाप मुलींना घेऊन तिच्याकडे येतात. “ताई, कमी खर्चात कुठं शिकवावं?” असं विचारतात, आणि ती घाई न करता एकेक कॉलेज समजावून सांगते.

परवा तिची मुलगी इकरा लातूरहून सुट्टीला आली होती. तिनं जेवताना विचारलं, “अम्मी, नर्स झालीस त्याचं कधी वाईट वाटलं?”

नाझनीननं पाण्याचा पेला खाली ठेवला. “न्हाई. लई चांगलं झालं माझं,” ती म्हणाली. “पण डॉक्टर राउंडला आले की अजून वाटतं, मी पण अशीच आले असते.”

इकरा उठून आईजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, घरात काय परवडतं आणि काय नाही, ते मुलांपासून लपवू नका. मुलं शहाणी असतात. ती परवडणारी वाट निवडतात आणि त्या वाटेवर नीट चालतातही. फक्त त्यांनी जे सोडून दिलं, त्याबद्दल त्यांना कधीतरी विचारा, आणि ती सांगू लागली की हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.