चार चमचे, चार बोटं

थोरलीला माणसं तोंडावरून कमी आणि कमरेवरून जास्त ओळखू यायची. बावीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईचं असंच होतं. समोरून कोण चाललंय म्हणून विचारलं, तर नाव राहायचं बाजूला, आधी आकडा यायचा: "अडतीस होती, आता एक्केचाळीस झालीय. घरात बरं चाललेलं दिसतंय." दुकानातली मापांची वही तिच्या अक्षरात होती. अख्ख्या वस्तीचं फुगणं आणि ओसरणं त्यात तारीखवार लिहिलेलं होतं. एका बाईचं लग्न मोडलं, हे तिच्या आईच्याही आधी या वहीला कळलं होतं.

दुकान दोघी जावांचं. थोरली माप घ्यायची, बेतायची, कापायची. धाकटी मशीनवर बसून शिवायची. मोठी लोखंडी कात्री थोरलीची. तिच्या कडीने थोरलीच्या अंगठ्याला घट्टा पाडलेला. धाकटीने बारा वर्षांत ती हातात घेतली असेल, तर टेबल पुसताना उचलून बाजूला ठेवण्यापुरती.

मग थोरलीचे गुडघे गेले. कापायचं टेबल उभ्याने काम करायचं, त्यामुळे ते आज ना उद्या जाणारच होते. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिला आणि सांगितलं, "ऑपरेशन करू. पण आधी आठ किलो उतरवा. चार महिने देतो. नाही उतरले तर तारीख पुढे जाईल, आणि मग ऑपरेशन होईपर्यंत उभ्याचं काम बंद."

उभ्याचं काम बंद म्हणजे थोरली मशीनवर. थोरली मशीनवर म्हणजे टेबलावर धाकटी. आणि एकदा हातात आलेली कात्री कोणी परत करतं का? दवाखान्याचा जिना उतरून संपायच्या आत थोरलीचा हा हिशोब पुरा झाला होता, आणि ती जिना फार हळू उतरत होती.

घरी ऐकल्याबरोबर धाकटी म्हणाली, "ताई, मी पण करते तुमच्याबरोबर. एकटीने पथ्य करायचं म्हणजे कंटाळा येतो. मलाही पाच-सहा किलो उतरवायचेच आहेत."

"कर की," थोरली म्हणाली. मनात म्हणाली, दुखणं माझं, त्यातही हिला वाटा हवा.

आहार सांगणारी बाई त्याच दवाखान्यात बसायची. वयाने लहान, अंगाने काडी. तिने दोघींसमोर लहानमोठे चमचे मांडले आणि सगळ्यात छोट्यावर बोट ठेवलं.

"दिवसभराचं तेल, लोणी, सगळं मिळून हे चार चमचे. सपाट, शीग लावून नाही. वर दहा बदाम, आणि अंडं पिवळ्यासकट."

"आणि तेल अजिबातच घेतलं नाही तर? लवकर उतरेल ना?" थोरलीने विचारलं.

"सुरुवातीला तसं वाटेल. तेलात ताकद भाकरी-पोळीच्या दुपटीहून जास्त असते, म्हणून ते मोजायचं. पण बंद नाही करायचं. दिवसभराच्या ताकदीतला साधारण चौथा हिस्सा त्यातून यावा. नाहीतर भाजीतलं सत्त्व नीट अंगी लागत नाही, जेवून जेवल्यासारखं वाटत नाही, आणि मग माणूस दुसरीकडे हात मारतो."

धाकटीने सगळं कागदावर उतरवून घेतलं. थोरलीने ऐकल्यासारखं केलं. बाहेर पडल्यावर म्हणाली, "कालची पोरगी. चार चमच्यांनी एवढं उतरत असेल, तर शून्य चमच्यांनी किती उतरेल, इतकं साधं त्रैराशिक हिला येत नाही."

त्या दिवसापासून थोरलीच्या डब्यातलं सगळं पाण्यात उकडलेलं. भाजी ओल्या वर्तमानपत्रासारखी दिसायची आणि वासही तसाच यायचा. अंड्याचं पिवळं ती मांजरीला घालायची. मांजर तेवढी छान गुटगुटीत झाली. धाकटी मात्र सकाळी तेलाची बाटली घेऊन, चमचा डोळ्यांसमोर धरून, औषध ओतावं तसं ओतायची. दुपारी टेबलावर जुना कागद पसरून दोघी डबे उघडायच्या. धाकटीच्या डब्यातून लसूण तेलात परतल्याचा वास यायचा. थोरली तोंडाने श्वास घ्यायची.

दर शनिवारी शेजारच्या औषधवाल्याच्या काट्यावर वजन. पहिल्या तीन शनिवारांत थोरलीचं साडेतीन किलो उतरलं, धाकटीचं दीड. ते तीन आठवडे थोरलीइतकी प्रेमळ जाऊ शोधून सापडली नसती. "होईल गं हळूहळू," ती धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची. "तुझं तेल जरा आड येतंय, एवढंच. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

चौथ्या शनिवारी थोरलीचा काटा हलला नाही. पाचव्यालाही नाही.

आता खरं सांगायचं तर थोरलीला रोज दुपारी चार वाजता अशी भूक लागायची की समोरच्या गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप ऐकूच यायचं नाही. त्यावर तिने उपाय शोधला होता. वाण्याकडे एक प्रकारची बिस्किटं मिळत. पाकिटावर हिरवं पान आणि खाली मोठ्या अक्षरात 'तेल-तूप शून्य'. ज्यात तेलाचा थेंब नाही त्याने वजन वाढणं शक्यच नाही. त्यात साखर किती, हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात होतं, आणि थोरलीचा चष्मा टेबलावर असायचा. पाकीट बटणांच्या खणात राहायचं. आधी ते तीन दिवस पुरायचं. मग दोन. मग रोज नवं.

धाकटी मात्र जिना उतरावा तशी उतरत राहिली. दर आठवड्याला अर्धा किलो, ना जास्त, ना कमी. नवव्या शनिवारी तिचे साडेचार झाले. थोरलीचे साडेतीनाचे अडीच झाले होते. औषधवाला म्हणाला, "धाकट्या बाईंचं बघा, कसं झकास चाललंय." थोरलीने त्याच्याकडून घ्यायची गुडघ्याची पट्टी दुसऱ्या दुकानातून घेतली.

पोटात आग पडणं म्हणजे काय, ते थोरलीला आता बारकाव्यानिशी कळलं. धाकटी तेल खाते आणि उतरते. धाकटी पोटभर जेवते आणि उतरते. चार वाजता धाकटी गाणं गुणगुणत काजं करते, तिला कसली भूक लागत नाही. बँकेतली एक बाई कपडे न्यायला आली की आधी धाकटीकडे बघून म्हणायची, "काय गं, निम्मी झालीस," आणि मग थोरलीकडे वळून, "तुमचे गुडघे कसे आहेत?" एकीला कंबर विचारायची आणि दुसरीला गुडघे. थोरली हसून उत्तर द्यायची आणि त्या बाईच्या झंपराची बाही मनातल्या मनात दोन इंच आखूड कापायची.

दहाव्या आठवड्यात धाकटीने गडद हिरवं कापड आणलं. "ताई, माहेरी भाच्याचं लग्न आहे. लांब झगा शिवायचाय. जुन्या मापाने नको, नवं घ्या."

माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायची, म्हणजे कपड्याला तेवढी ढिलाई मिळते. हे थोरलीने बावीस वर्षांत कधी विचार करून केलं नव्हतं; बोटं आपली आपण जायची. त्या दिवशी धाकटीच्या कमरेला टेप लावला तेव्हा दोन बोटांवरच आकडा आला चौतीस. तीन मुलींची आई नसती तर धाकटीला नवरी म्हणून उभी करता आली असती. थोरलीने आकड्याकडे पाहिलं. मग उरलेली दोन बोटंही टेपखाली सरकवली.

"छत्तीस," ती म्हणाली, आणि वहीत तसं लिहिलं. छातीलाही चार बोटं, नितंबांनाही चार. वहीतला तो छत्तीस पाहून तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी चार वाजता बिस्किट आठवलं नाही.

पण कात्री चालते ती वहीवर. मनात काय आहे ते तिला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने सवयीने हिरवं कापड पसरलं, सवयीने वहीत पाहिलं, आणि सवयीने छत्तीसचं कापून मोकळी झाली. आपण काय केलं ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते चार दिवसांनी. धाकटी पडद्यामागून झगा घालून बाहेर आली आणि नेमकी बँकेतली बाई बाकावर बसलेली होती. झगा धाकटीच्या अंगावर खांबाला पोतं गुंडाळावं तसा लोंबत होता.

"अगं बाई," बँकेतली बाई म्हणाली. "हा कापला कोणी?"

थोरलीच्या हातातला खडू मोडला. बावीस वर्षांत तिने कापलेला एक कपडा परत आला नव्हता. या बाईच्या जिभेला दार नव्हतं; थोरलीचा हात गेला, ही बातमी संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाली असती. मग ऑपरेशन होवो न होवो, कात्री गेलीच.

धाकटीने वहीकडे पाहिलं. मग थोरलीच्या हाताकडे, बराच वेळ.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "माप देताना पोट फुगवून उभी राहिले. ताई ओरडल्यासुद्धा, पण मी कसली ऐकतेय. म्हटलं, लग्नात जेवायला जागा हवी."

बँकेतली बाई हसली, आपलं पुडकं घेऊन गेली.

"खोटं का बोललीस?" थोरलीने विचारलं.

"तुमची वही खोटं बोलली. म्हटलं, एका घरातल्यांनी एकसारखं बोलावं."

थोरलीने वही मिटली.

"चार बोटं होती ना?" धाकटी म्हणाली. "बारा वर्षं तुमचं कापलेलं शिवतेय. तुमची बोटं मला कळतात."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, कापताना तरी तुम्ही दोनवर याल. नाही आलात, तेव्हा कापलंत तसंच शिवलं. आणि बटणांच्या खणातलं पाकीटही मला माहीत आहे. दर बटणाला चुरा लागून येतो."

थोरली खुर्चीवर बसली. उभ्याने हे ऐकणं गुडघ्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. "तुला कात्री हवीय," ती म्हणाली.

"हवीय," धाकटी म्हणाली. "कधीपासून हवीय. पण तुम्ही शिकवून दिलेली. तुम्ही आडव्या पडलात म्हणून उचललेली नको. उद्या गिऱ्हाईक म्हणेल, थोरलीच्या वेळी असं नव्हतं. ते मी जन्मभर ऐकू?"

हा स्वार्थ होता, आणि स्वच्छ होता. थोरलीला तो माणुसकीपेक्षा लवकर पटला.

"एक सांगा," धाकटी झग्याच्या कडा चिमटीत धरत म्हणाली. "शिवणीच्या आत जादा कापड किती सोडता?"

"अर्धा इंच."

"कशाला? शून्य सोडा. कापड वाचेल."

"उसवेल की गं पहिल्या बसण्यात—" थोरली म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "फार शहाणी झालीस."

दुपारी डबे उघडले. धाकटीने पिशवीतून तेलाची लहान बाटली आणि तो छोटा चमचा काढला, थोरलीच्या उकडलेल्या भाजीवर एक चमचा ओतला, वर मिठाचे चार कण टाकले. थोरलीने घास घेतला. दहा आठवड्यांत पहिल्यांदा तिला भाजीची चव लागली. डोळ्यांत पाणी आलं त्याचा दोष तिने मिरचीला दिला. भाजीत मिरची नव्हती.

"सपाट होता ना?" तिने विचारलं.

"सपाट. तुमच्यासारखी शीग नाही लावत मी."

चार वाजता थोरलीने बटणांचा खण उघडला नाही. भूक नव्हती, हे तिने कबूलही केलं नाही. पिवळं बंद झाल्यावर मांजर तीन दिवस रुसली.

चार महिने भरले तेव्हा थोरलीचे साडेपाच किलो उतरले होते. डॉक्टर म्हणाले, वाटेवर आहात, आणखी दोन महिन्यांनी या. तोवर उभं राहायचं नाही. आठातले अडीच राहिले होते, आणि ते अडीच कुठल्या खणात गेले हे थोरलीला तोंडपाठ होतं.

सोमवारी तिने कात्री स्वतः धाकटीच्या हातात दिली. "आधी अस्तरं काप. महिनाभर फक्त अस्तरं." धाकटीने पहिला काप मारला. सरळ, न थबकता, कापड फाटल्याचा आवाजसुद्धा न करता. थोरली खुर्चीवरून पाहत होती. तिच्या पोटात कळ आली. तासापूर्वीच मोजून तेल घातलेली भाजी, एक अंडं आणि पाच बदाम पोटात गेले होते, तेव्हा ही भुकेची कळ नव्हती.

"वाकडं गेलं," ती म्हणाली.

"कुठे?"

"जाईल."

शनिवारी धाकटीने थोरलीचं माप घ्यायला टेप काढला. थोरलीने हात वर केले आणि मान खाली घातली.

"किती बोटं?"

"दोन."

"नीट बघू दे."

धाकटीने टेप जरा पुढे ओढून दाखवला. दोनच होती.

"एक्केचाळीस," धाकटी म्हणाली. "चव्वेचाळीस होतात. लिहा."

थोरलीने वही उघडली, पेन काढलं, क्षणभर तसंच धरलं आणि मग दोन्ही टेबलावरून पुढे सरकवलं. "तूच लिही. माप घेणाऱ्याने लिहायचं असतं."

धाकटीने लिहिलं. बावीस वर्षांच्या वहीत दुसऱ्या हातचा तो पहिला आकडा. थोरलीने चष्मा लावला, वही जवळ ओढली आणि बराच वेळ पाहिलं.

"एकाचं शेपूट फार लांब काढलंस," ती म्हणाली.