झोळीतली सासू

कोर्सचा पहिला नियम मॅडमनी सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता: आधी बोला, मग हात लावा. पेशंटला कुशीवर वळवायचं असो की तोंड पुसायचं असो, जे करणार ते त्याला सांगायचं आणि त्यानं हो म्हटल्याशिवाय बोटही लावायचं नाही. नियम सोन्यासारखा. पण आज तो सुनेच्या मुळावर उठला होता, कारण प्रॅक्टिकल परीक्षेला तिची पेशंट होती तिची सासू, आणि गेला आठवडाभर दोघींमध्ये चकार शब्द नव्हता.

सासू त्या वर्गात कशी, असं कोणीही विचारील. सासऱ्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली, तेव्हा त्यांना नीट सांभाळता यावं आणि पुढे नोकरीही मिळावी म्हणून सुनेनं रुग्णसेवेच्या कोर्सला नाव घातलं. ही पोरगी तिथे शिकते तरी काय, ते बघायला सासू गेली आणि स्वतःचं नाव घालूनच परतली. पन्नाशी उलटलेली बाई, पण पलंगाची चादर अशी ताठ घालायची की मॅडम इतरांना बोलावून दाखवायच्या. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सून नवऱ्याजवळ कुरकुरायची. "तुमचं तुम्ही बघा," म्हणून तो हात झटकायचा. पुरुषांना हे बरं जमतं.

मागच्या आठवड्यात सून सासऱ्यांना पलंगावरून व्हीलचेअरवर बसवत होती. शिकवलं होतं तसं, बोलत बोलत. ते बसायला टेकले आणि खुर्ची मागे सरकली. सासरे धपकन जमिनीवर. हाड मोडलं नाही, पण कंबर काळीनिळी झाली.

"ब्रेक लावला नव्हतास," सासू म्हणाली.

"लावला होता! 'बाबा, ब्रेक लावते,' असं बोललेसुद्धा. विचारा त्यांना."

सासऱ्यांना शब्द जुळवायला वेळ लागे. ते सुनेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माझा... पाय घसरला."

सासूचा विश्वास बसला नाही. "परीक्षेत पास होऊन दाखव. मॅडम म्हणाल्या हिला येतं, तर मी शब्द काढणार नाही. तोवर ह्यांना हात लावायचा नाही."

तेव्हापासून सासऱ्यांची अंघोळ, जेवण, उठबस सगळं सासू एकटी करत होती, स्वतःची दुखरी कंबर धरून. सुनेनं दारात उभं राहून बघायचं. तिला ते फार लागलं. त्या घरात तिच्यावर उघड माया करणारा माणूस तो एकच होता.

परीक्षेच्या जोड्या मॅडमनी लावल्या होत्या. "चार दिवस सासूचे, आज सुनेचा!" मागून कोणीतरी म्हणालं. मॅडमनी नुसतं वळून बघितलं.

सासू पलंगावर आडवी झाली. परीक्षेत पेशंटनं अंग सैल सोडायचं. सूचना द्यायची नाही. दिली की परीक्षा देणारा नापास.

"आई, मी तुम्हाला यंत्रानं उचलून खुर्चीत बसवणार आहे. चालेल ना?"

सासू छताकडे बघत राहिली. ती हो म्हणाली नाही, तर हात लावता येणार नव्हता, आणि परीक्षा तिथेच संपणार होती.

"चालेल," सासू म्हणाली, तेही छतालाच.

पुढचं सुनेला तोंडपाठ होतं. "आई, कुशीवर वळवते." वळवलं. "झोळी पाठीखाली सारते." सारली. झोळीचे पट्टे यंत्राच्या हुकांत अडकवून ओढून पाहिले. "खुर्ची जवळ घेते. दोन्ही ब्रेक लावते. आता वर घेते." बटण दाबलं तशी सासू हळूहळू पलंगावरून सुटली, गुडघे पोटाशी, हात छातीवर. जिच्या नुसत्या खाकरण्यानं घर जागचं हलायचं, ती बाई बाजारच्या पिशवीसारखी लोंबकळत होती. सुनेला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण सासू घाबरली होती. खाली खुर्चीकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून घेतले होते.

सुनेनंही तिकडे बघितलं. उजवा ब्रेक लागलेला होता. डावा मोकळा होता.

तिनं बटण सोडलं. 'दोन्ही' म्हणाले होते की मी! शब्द इतके पाठ झाले होते की तोंडातून निघाले आणि काम झालं असं मनानं धरून टाकलं. हात गेलाच नाही. बाबा पडले त्या दिवशीही ती बोललीच होती.

मॅडम पलीकडे उभ्या होत्या, त्यांना डावं चाक दिसत नव्हतं. पायानं ब्रेक हळूच लोटला की झालं. पास. बाबा पुन्हा तिच्या हाती. सासूनं बघितलं होतं खरं. पण एक शब्द बोलून सुनेला तिथेच नापास करणं तिच्या हातात होतं, आणि हवेत लटकत, भीत, ती गप्प राहिली होती. सुनेला तेच सोसवेना.

"मॅडम, डावा ब्रेक लावलेला नाही. मी नुसतं बोलले." तिचा आवाज फुटला. "आई, त्या दिवशीही नुसतं बोलले असणार. मीच पाडलं बाबांना."



"आधी मला खाली घे, बाई," वरून सासू म्हणाली, "मग काय रडायचं ते रड."

मॅडमनी नापास केलं. परीक्षा पुढच्या महिन्यात पुन्हा द्यायची होती.

घरी नवऱ्यानं दार उघडलं, दोघींचे चेहरे पाहिले आणि चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात सटकला. सासू तडक सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते. सून रोजच्यासारखी दारात थांबली.

"तिथे काय उभी राहिलीस? माझी कंबर गेलीय कामातून. तू उठव ह्यांना."

"आई, मी नापास झाले."

"माहीत आहे. तिथेच होते ना मी, लटकलेली. लपूनछपून ब्रेक लावून पास झाली असतीस, तर जन्मात हात लावू दिला नसता."

सुनेनं खुर्ची पलंगाशी आणली. उजवा ब्रेक लावला, डावा लावला, खुर्ची हलवून पाहिली आणि मग बोलली, "बाबा, ब्रेक लावलेत. उठवू?"

सासरे लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांनी आपला चांगला हात खाली सोडला, चाकापाशी नेला आणि ब्रेकची दांडी चाचपून बघितली. सून बघतच राहिली. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. माहीत असूनही ते पाय घसरला म्हणाले होते.

"लागलाय," सासरे म्हणाले आणि तो हात त्यांनी तिच्यापुढे केला.