एक्केचाळिसाव्या पानावरचा पक्षी

एक्केचाळिसाव्या पानावर चूक सापडली, तेव्हा इंद्रभान सरांना तीन दिवसांत पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

मेहकरच्या कॉलेजात ते बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. इंग्रजी कवितेतले पशुपक्षी हा मुळात त्यांचा विषय. पीएच.डी.साठी नोंदवला, सहा वर्षं टिपणं काढली आणि सोडून दिला. आता त्याच विषयावर त्यांची जुनी विद्यार्थिनी डॉक्टर झाली होती. कोकिळा, सुलतानपूरच्या, वांगी-मिरची पिकवणाऱ्या घरातली. कॉलेजनं सत्कार ठेवला आणि प्रबंधावर बोलायला सरांनाच सांगितलं. वाघ, कोकरू, कोल्हा, घुबड. कवी कुणाच्या तोंडून काय सुचवतो, ते तिनं इतकं सोपं करून लिहिलं होतं की प्रबंध वाचताना सरांना तीन दिवस जेवण गेलं नाही. आपल्याला हे का जमलं नाही?

सत्काराला पहिल्या रांगेत तिची आई, जनकाबाई, नवं लुगडं नेसून बसली होती. सरांनी आधी कौतुक केलं, मग ते पान उघडलं.

"नाइटिंगेल म्हणजे आपली कोकिळा, असं लिहिलंय. हे दोन वेगळे पक्षी आहेत. डॉक्टरांना एवढं माहीत असायला हवं."

सतरंजीवर बसलेली पोरं हसली. सगळे हसले म्हणून जनकाबाईही हसल्या. कोकिळा उठली, चुकलंच, दुरुस्त करते म्हणाली, आणि खाली बसली.

नंतर व्हरांड्यात सरांनी तिला गाठलं. ही चूक कुठल्या पुस्तकातून उचलली, असं विचारलं.

"पुस्तकातून नाही सर. तुम्हीच सांगतलं होतं, बारावीत. माह्याकडं बोट करून म्हणले, हिचं नाव इंग्रजीत नाइटिंगेल. तवापासूनच मले हा विषय आवडला. ते तपासून पाहावं, असं मनातच आलं नाही."

सरांची प्रमाण भाषा सुटली. "मंग तिथं काऊन नाही बोलली?"

"आई समोर बसली होती. तुमचं नाव लई घेते ती."

मायलेकी सुलतानपूरच्या गाडीला निघून गेल्या. सर सभागृहात परतले. शिपाई अर्जुनराव एकटेच सतरंजीची घडी घालत होते.

"चूक माझी होती," सर म्हणाले.

"मले काऊन सांगता सर?" अर्जुनरावांनी विचारलं.

सरांनी वाकून सतरंजीचं दुसरं टोक उचललं.