शर्वरीची चौदा पानं

शर्वरीचं पत्र आलं त्याला दोन वर्षं झाली. मी उत्तर दिलं नव्हतं.

विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर जयपूरच्या कडेला असलेल्या झोटवाड्याच्या एका कॉलेजात मी चार वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. जयपुरातसुद्धा त्या कॉलेजचं नाव सांगितलं की लोक पत्ता विचारायचे. शर्वरी तिथली माझी विद्यार्थिनी, छावणीतल्या सुभेदार हिंदुरावांची मुलगी. तिला क्वांट व्हायचं होतं, म्हणजे शेअर बाजारातली जोखीम गणितानं जोखणाऱ्यांत बसायचं होतं. कॉलेजचं नाव पाहूनच कंपन्या अर्ज बाजूला ठेवत. एका कंपनीनं मात्र कॉलेज न विचारता स्वतंत्र काम मागवलं होतं, तेही फक्त शेवटच्या वर्षातल्या मुलांकडून. तिनं त्या कामाची चौदा पानं आधी मला पाठवली. 'सर, तुम्ही बरोबर म्हणालात तरच पुढे पाठवीन.'

सहाव्या पानानंतर मला काही कळेना. तसं लिहायची लाज वाटली. उद्या पुन्हा वाचू म्हणता म्हणता महिना गेला, मुदतही गेली. तिनं पाठवलं असेलच, अशी मी समजूत करून घेतली.

परवा राजा पार्कच्या बाजारात औषधांच्या दुकानात हिंदुराव भेटले.

"शर्वरी कुठं असते हल्ली?" मी विचारलं.

"घरीच. आठवीच्या पोरींच्या शिकवण्या घेती. त्या कंपनीला काय पाठवलंच न्हाई तिनं."

"का?"

"तुमचं उत्तर आलं न्हाई, मतलब चुकलंय, म्हणाली. वर्गात चुकलेल्याची वही तुम्ही शेरा न मारता परत द्यायचा म्हणं. सर, आमच्या पलटणीत चुकलं की आईबापाचा उद्धार व्हायचा. पण कळायचं तरी!"

ते हसले. मला हसता आलं नाही.

खरंच होतं ते. 'चूक' लिहायला माझा हात कधी धजला नाही, आणि त्याला मी माझा चांगुलपणा समजत होतो.

घरी येऊन पानं काढली. दोन दिवस बसलो. सहाव्या पानानंतर आजही कळलं नाही. मग लिहिलं:

'शर्वरी, पहिली सहा पानं बरोबर आहेत. पुढचं मला समजलं नाही. मला चूक सापडली नव्हती. माझी समज तिथवर पोचत नाही, हे तेव्हाच कळवायला हवं होतं. ती संधी माझ्यामुळे गेली.'

'क्षमा कर' असंही लिहिलं होतं, ते खोडलं. तेवढंही तिच्याकडे मागायला नको वाटलं.

सकाळी पोस्टात रांगेत उभा राहिलो. स्पीड पोस्टच्या खिडकीतल्या बाईंनी पाकिटाचं वजन केलं, शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.